उन्हाळ्याची सुटी आणि हिमालयातील मोटारप्रवास

वार्षिक परीक्षा संपतात, ऊन तापू लागते, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील मराठी घरांतून थंड हवेच्या ठिकाणांची बोलणी सुरू होतात. पूर्वी ही बोलणी पचमढी, अबू किंवा महाबळेश्वर यांच्यापाशीच संपत असत. आता पुष्कळ घरी मोटार आली आहे, आणि सिमल्यापासून किन्नौर व स्पिती या खोऱ्यांतून मनालीपर्यंत जाणारा मोठा वळसा मध्यम स्थितीतील कुटुंबाच्याही आवाक्यात आला आहे. या वाटेवर ज्यांना आजारी मूल घेऊन अर्ध्यातून परतावे लागते, त्यांच्या अडचणीचे मूळ बहुधा घर सोडण्यापूर्वीच पडलेले असते. प्रवासाची आखणी त्यांनी सपाट प्रदेशाच्या हिशोबाने केलेली असते. डोंगराचा हिशोब निराळा असतो, आणि तो समजून घेणे फारसे कठीण नाही.

उदाहरणादाखल ग्वाल्हेरचे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आई, वडील, बारा व सहा वर्षांची दोन मुले, आणि सत्तरीच्या घरातील आजी. हाताशी चौदा दिवसांची रजा आहे. सतरंजीवर नकाशा पसरला, की पहिला मोह होतो तो मैल आणि किलोमीटर मोजण्याचा. काझा हे स्पितीतील मुख्य गाव मनालीहून सुमारे दोनशे किलोमीटर, तर सिमल्याहून चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. अर्थात वडील म्हणतील, मनालीवरून जाऊ, म्हणजे दोन दिवस वाचतील. पहिली मोठी चूक येथेच होते.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून काझास जाण्यासाठी ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडावी लागते, आणि त्याच रात्री ३,६५० मीटर उंचीवर मुक्काम होतो. म्हणजे एका दिवसात झोपण्याची जागा सोळाशे मीटरांनी वर जाते. सिमल्याकडून येणारा रस्ता लांबचा खरा, परंतु तो माणसाला हळूहळू वर नेतो. वाटेत नारकंडा (२,७०० मीटर), सराहन (सुमारे २,१५०), सांगला (२,७००), कल्पा (२,९५०) आणि ताबो (३,२८०) अशी मुक्कामाची ठिकाणे लागतात, आणि मग काझा येते. प्रत्येक मुक्काम मागच्या मुक्कामाच्या फारसा वर नाही. अंतराच्या दृष्टीने जे दोन दिवस वाया गेले असे वाटते, तेच दोन दिवस शरीराला तयारी करण्यासाठी मिळतात.

ही तयारी कशाची, हे नीट पाहिले पाहिजे. उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः प्रमाण तेच, म्हणजे शेकडा २१ राहते. कमी होतो तो हवेचा दाब. काझाच्या उंचीवर हा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर रक्तात जाणारा प्राणवायू घटतो. शरीर यावर उपाय करते. श्वास खोल व जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्लांचा तोल नव्याने बसवितात. पण या कामास काही दिवस लागतात. तेवढी सवड मिळाली नाही, तर डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. यालाच पर्वतीय आजार म्हणतात. साधारणतः २,५०० मीटरांच्या वर तो कोणालाही होऊ शकतो. तरुण व धडधाकट माणूस यातून सुटतो, अशीही कल्पना करू नये. किंबहुना आपल्या ताकदीवर विसंबून जो पहिल्याच दिवशी पळापळ करतो, त्यालाच तो आधी गाठण्याचा संभव असतो.

डॉक्टर मंडळी यासाठी एक साधा नियम सांगतात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरांपेक्षा अधिक वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस एकाच उंचीवर विसावा घ्यावा. दिवसा अधिक उंच जाऊन रात्री खाली येण्यास हरकत नाही. या नियमाने वरील मार्ग तपासून पाहिला, तर एक बारीकशी गोष्ट ध्यानात येते. कल्प्यानंतर पुष्कळ प्रवासी नाको या सुंदर तळ्याकाठच्या गावी रात्र काढतात. नाको ३,६६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कल्प्याहून एकदम सातशे मीटर वर. त्याऐवजी नाकोला दुपारचे जेवण करून, तळ्याकाठी तासभर बसून, रात्री ताबोला उतरावे. झोपण्याच्या उंचीतील वाढ मग तीनशे-सव्वातीनशे मीटरांचीच होते. वाट तीच, गावे तीच, आजीची रात्र मात्र सुखाची जाते.

मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. सहा वर्षांचे मूल डोके दुखते असे नेमके सांगेलच असे नाही. ते किरकिर करते, खेळणे सोडते, आवडीचा खाऊही दूर सारते. मैदानात ज्याला हट्ट म्हणतात, तो तीन हजार मीटरांवर आजार समजावा, म्हणजे चूक होणार नाही. मोठ्या माणसांपैकी कोणाला स्वस्थ बसले असताही धाप लागली, खोकला सुरू झाला, चालताना पाय अडखळू लागले किंवा बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर रात्र उजाडण्याचीही वाट न पाहता खाली नेण्याची तजवीज करावी व वैद्यकीय मदत गाठावी. उतरणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय. ज्यांना हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. उंचीच्या आजारावर प्रतिबंधक गोळ्या मिळतात, परंतु त्याही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात. मद्य व झोपेच्या गोळ्या या उंचीवर वर्ज्य मानाव्यात.

येथे स्पितीच्या भूगोलातील एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. काझा येथे आरोग्यकेंद्र आहे, पण रोग्याला भरपूर खाली न्यायचे म्हटले तर सोपी वाट नाही. पश्चिमेस जावे तर आधी कुंझुम खिंड चढावी लागते, म्हणजे रोग्याला आणखी नऊशे मीटर वर न्यावे लागते. दुसरी वाट खोऱ्याच्या कडेने रिकाँग पिओकडे जाते. ती सुमारे दोनशे किलोमीटरांची आहे, आणि तिला आठ-नऊ तास लागतात. थोडक्यात, काझाला पोहोचून आजारी पडणे परवडत नाही. म्हणूनच तेथे पोहोचण्यापूर्वी खर्च केलेला प्रत्येक दिवस कारणी लागतो.

आता ऋतूचा विचार. कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते, आणि बर्फ हटवून ती खुली होण्यास बहुधा मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पूर्वार्ध उजाडतो. नेमकी तारीख आधी कोणीही सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, जूनच्या अखेरीस पावसाळा हिमाचलात येतो. स्पिती पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे पाऊस अल्प पडतो, हे खरे. पण स्पितीला जाणारा रस्ता किन्नौरमधून जातो, आणि तेथील कडे पावसाने सैल होतात. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेल्या शिळांखाली सापडून नऊ पर्यटकांचा अंत झाला. त्यानंतर अवघ्या अडीच आठवड्यांनी, ११ ऑगस्ट रोजी, निगुलसरी येथे दरड कोसळून एक प्रवासी बस व इतर वाहने गाडली गेली आणि २८ माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टी व बर्फ यांमुळे चंद्रताल सरोवराजवळ अडीचशेहून अधिक प्रवासी अडकून पडले होते. या घटना सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नव्हे. खिंड उघडणे आणि पाऊस येणे यांच्यामधली जागा किती अरुंद आहे, ते त्यांवरून कळते.

या अरुंद जागेत शाळेची सुटी बसवावी लागते. गोवा व बेळगाव भागातील शाळा साधारणतः जूनच्या आरंभी भरतात. तिकडील कुटुंबांनी कुंझुमची आशा न धरता मे महिन्यात सिमल्याकडून काझापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावे, हे बरे. इतक्या दुरून स्वतःची मोटार आणण्यापेक्षा चंदीगडपर्यंत आगगाडीने येऊन तेथे पहाडी रस्त्याचा सराव असलेल्या चालकासह मोटार भाड्याने घ्यावी. मध्य प्रदेश, गुजरात व तेलंगण येथील सुटी बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरते. त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात काझा गाठता येईल अशा बेताने निघता येते.

ग्वाल्हेरच्या कुटुंबाचे चौदा दिवस आता असे मांडता येतात. पहिल्या दिवशी चंदीगड. मग नारकंडा व सराहन येथे एकेक रात्र, सांगल्यास दोन, कल्पा व ताबो येथे एकेक, काझास तीन. खिंड उघडी असल्यास दहाव्या रात्रीनंतर पहाटे निघून मनाली गाठावी, तेथे दोन रात्री राहून चंदीगडमार्गे चौदाव्या दिवशी घरी यावे. खिंड बंद असल्यास काझाहून मागे फिरावे. एक रात्र कल्पा, एक रामपूर, एक चंदीगड, आणि चौदाव्याच दिवशी घर. दोन्ही वाटांना दिवस सारखेच लागतात. अशा दोन योजना हाताशी असल्या, म्हणजे खिंड बंद असल्याची वार्ता ऐकून कोणाचा विरस होत नाही, आणि अर्धवट उघडलेल्या रस्त्यावर मोटार घालण्याचा अविचारही होत नाही.

मोटारीची तयारी हा पुढचा भाग. चढावर मोटार धापा टाकते, याचे सर्वांना भय वाटते. खरे भय उताराचे असते. नारकंड्याहून सतलजच्या काठी येताना रस्ता दीड हजार मीटरांहून अधिक खाली उतरतो. दीड टन वजनाची मोटार एक हजार मीटर उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ४० लिटर थंड पाण्यास उकळी आणता येईल. ही सारी उष्णता कोठेतरी जिरली पाहिजे. चालकाने पाय ब्रेकवरच ठेवला, तर ती चाकांतील ब्रेकमध्ये साठते. ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते. ब्रेकचे तेल जुने असेल तर त्यात हवेतील ओलावा मुरलेला असतो, आणि असे तेल लवकर उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पाय थेट तळापर्यंत जातो आणि मोटार थांबत नाही. यास्तव उतारावर मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरते. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा तर शुद्ध आत्मघात होय. निघण्यापूर्वी ब्रेकचे तेल बदलून घ्यावे, स्टेपनीत हवा भरावी, जॅक व पाना जागेवर असल्याची खात्री करावी, आणि वडिलांनी घरच्या अंगणात एकदा चाक बदलून पाहावे.

रस्त्यावरील शिस्तीचे थोडके नियम मुलांनाही पाठ व्हावेत असे आहेत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. चढावर थांबलेली मोटार पुन्हा हलविणे अधिक कठीण असते, म्हणून कायद्यानेही हा मान तिला दिला आहे. आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडू नये व भोंगा वाजवावा. जेथे कड्यावरून माती वा खडे ओघळलेले दिसतात, तेथे छायाचित्रासाठीसुद्धा थांबू नये. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. या मार्गावर ताशी पंचवीस किलोमीटरांपेक्षा अधिक सरासरी धरू नये, म्हणजे शंभर किलोमीटर याचा अर्थ चार तास. त्यात चहा, उलट्या, मेंढ्यांचे कळप आणि रस्त्याचे चाललेले काम यांसाठी आणखी दोन तास मिळवावेत.

कुंझुम ते ग्राम्फू हा टप्पा सर्वांत खडतर आहे. तेथे बर्फ वितळून आलेले ओहोळ रस्त्यावरून वाहतात. सूर्य वर आला की बर्फ जास्त वितळते आणि दुपारनंतर पाणी चढते. सकाळी घोट्याइतका असलेला ओहोळ संध्याकाळी गुडघ्याच्या वर जाऊ शकतो. काझा पहाटे सोडण्याचे कारण हेच. ग्राम्फू ओलांडल्यावर मात्र सुटका होते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने रोहतांग खिंडीचा चढ आता टाळता येतो.

खाण्यापिण्याची व्यवस्था सोपी ठेवावी. काझाच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि कुकरवाचून चालत नाही. वाटेत थुक्पा व गरम पोळीभाजी मिळते. तरी आजीच्या हातच्या दशम्या, मेतकूट आणि गुळाची पोळी जवळ असावी, कारण उंचीवर भूक मंदावते आणि ओळखीची चवच घशाखाली उतरते. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांना रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी बसवू नये. थोडे खायला द्यावे, समोर दूरवर पाहण्यास सांगावे, पुस्तक वा मोबाईल हाती देऊ नये, आणि आवळासुपारी खिशात ठेवावी. पाणी वरचेवर प्यावे. जूनमध्येही काझाला पहाटे कडाका असतो आणि दुपारी ऊन भाजून काढते. लोकरी कपडे आणि रुंद कडेची टोपी दोन्ही एकाच पिशवीत हवीत.

कागदपत्रांबद्दल थोडेसे. भारतीय नागरिकांना या मार्गावर खास परवाना लागत नाही. परंतु रिकाँग पिओ ते काझा हा भाग तिबेटच्या सीमेजवळून जातो, आणि परदेशी पारपत्र असलेल्यांना त्यासाठी अंतर्गत रेषेचा परवाना घ्यावा लागतो. गोव्यातील ज्या घरांत कोणाकडे पोर्तुगीज पारपत्र आहे, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. एरवी सारे कुटुंब एका माणसासाठी तपासणीनाक्यावर अडून बसेल. पेट्रोल रामपूर, रिकाँग पिओजवळील पोवारी आणि काझा येथे मिळते. प्रत्येक ठिकाणी टाकी भरून घ्यावी. पैसे काढण्याची यंत्रे तेथे नेहमी चालतातच असे नाही, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. मोबाईलचा संपर्कही वारंवार तुटतो. रोजच्या मुक्कामाची यादी घरी एका नातेवाइकाजवळ लिहून ठेवलेली असावी.

एवढी दगदग कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. सतलज आणि स्पिती या नद्या खाब येथे एकमेकींना मिळतात, आणि तेथून पुढे झाडोरा नाहीसा होऊन पिवळ्या, करड्या, जांभळ्या मातीचे उघडे डोंगर सुरू होतात. मैदानात वाढलेल्या मुलाने असा प्रदेश पाहिलेलाच नसतो. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून तो मातीच्या साध्या भिंतींचा दिसतो, आणि आत दिव्याच्या मंद उजेडात भिंतीभर रंगविलेली चित्रे दिसू लागतात. त्याला हिमालयातील अजिंठा म्हणतात. ज्याने अजिंठा पाहिला आहे, त्याला तुलना करण्याचा आनंद मिळेल. ज्याने पाहिला नाही, त्याला घरी आल्यावर तो पाहावासा वाटेल. ४,००० मीटरांहून उंच असलेले की मठ व किब्बर गाव ही स्थळे काझाहून दिवसा जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी आहेत. ती तिसऱ्या दिवशी पाहावीत, पहिल्या दिवशी नव्हे.

शेवटची गोष्ट घरीच ठरवावयाची आहे. कोणाची प्रकृती बिघडली, खिंड उघडली नाही किंवा आकाश भरून आले, तर कोणत्या ठिकाणाहून मागे फिरायचे आणि तो शब्द कोणाचा मानायचा, हे निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष बोलून घ्यावे. रस्त्यावर, मुलांचा उत्साह आणि खर्च झालेले पैसे समोर असताना, असा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही. पुष्कळ घरी हा अधिकार मोटार चालविणाऱ्याकडे आपोआप जातो. तो आजीकडे द्यावा. मागे बसून ती सर्वांचे चेहरे पाहत असते, आणि घाई अशी तिला कशाचीच नसते.